न्यायाचा पत्ता

चार एकट्या बायका एका छपराखाली राहायला लागल्या की किस्से आपोआप साठतात. न्हाणीघराच्या खिडकीत केसांच्या पिना साठतात ना, तसे. कुठली कुणाची हे नंतर कुणालाच सांगता येत नाही, पण टाकवतही नाहीत!

आमचं छप्पर म्हणजे नाशिकला शरणपूर रोडवरचं सिस्टरांचं बैठं कौलारू घर. सिस्टर म्हणजे रूथ साळवी, दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. लग्न केलं नव्हतं. मागच्या तीन खोल्या त्यांनी नोकरी करणाऱ्या बायकांना दिल्या होत्या. पहिलीत कुसुम, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर. सगळ्या जिल्ह्याला एकमेकांशी बोलायला लावणारी आणि घरी आली की तोंडातून शब्द न काढणारी. दुसरीत विमल, वणीकडची, सातपूरच्या एका कारखान्यात तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळणारी. वयाने सगळ्यात लहान, आवाजाने सगळ्यात मोठी. तिसरीत मी, शालन. एका वकीलसाहेबांची टायपिस्ट.

माझी ओळख एवढ्यावर संपत नाही. माझी स्वतःची केस चालू होती. सिन्नरला सासर. नवऱ्याने एका दिवाळीला माहेरी पोचवलं ते न्यायला आलाच नाही. आलं ते कोर्टाचं समन्स. बायको वेडसर आहे, सबब घटस्फोट मिळावा!

ही सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. घटस्फोट हा शब्द लोक तेव्हा हळू आवाजात उच्चारायचे आणि वेड हा शब्द त्याहून हळू. माझ्या वाट्याला दोन्ही एकदम आले होते. त्यामुळे माझ्याशी बोलताना लोक फारच हळू बोलायचे. कधी कधी तर बोलायचेच नाहीत.

*

पत्त्यांचा किस्सा आधी सांगते.

सिस्टर नोकरीत असताना त्र्यंबकहून एक गोरी मुलगी दवाखान्यात आणली होती. साधूंच्या नादाने तिकडे राहत होती, कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अंगात त्राण नाही, आणि भाषा कुणालाच कळेना. सिस्टरांनी तिला महिनाभर चमच्याने भरवलं. नाव उच्चारता येईना म्हणून तिला मेरी म्हणायला लागल्या. जाताना मेरीने रेशमी रुमालात बांधलेला पत्त्यांचा जोड त्यांच्या हातात ठेवला. परत येईन तेव्हा घेईन, असं खुणांनी सांगितलं.

ती काही आली नाही. पत्ते सिस्टरांच्या कपाटात चादरींखाली पडून राहिले.

एका रविवारी दुपारी लाइट गेले, रेडिओ बंद पडला, चौघी ओट्यावर नुसत्या बसलेल्या. विमल म्हणाली, "सिस्टर, पत्ते हायेत का? गुलामचोर खेळू!"

सिस्टरांनी रुमाल सोडला. पाहतो तर काय, बदाम नाही, इस्पिक नाही. नुसती चित्रं! पत्ते वाटले. विमलने पहिलाच पत्ता उचलला तर त्यावर एक माणूस पायाला दोर बांधून उलटा टांगलेला.

"ह्याला का टांगलंय?"

कुसुमने मान वाकडी करून पाहिलं. "हाच गुलाम असेल. चोरी पकडली गेली असेल."

झालं! डाव तिथेच संपला.

पत्त्यांबरोबर एक बारीक टाइपातलं इंग्रजी पुस्तक होतं. घरात इंग्रजी वाचणारी मी, म्हणून ते माझ्याकडे आलं. वाचून सांगितलं की हा 'टॅरॉट' आहे, याने भविष्य बघतात. त्याचा शेवटचा टी उच्चारायचा नसतो हे मला फार वर्षांनी कळलं. आमच्या घरात मात्र तो कायम टॅरॉटच राहिला, टी फॉर टेलिफोन!

सगळ्यांनी एकेक पत्ता ओढायचं ठरलं. मी ओढला. सिंहासनावर बसलेली बाई, अंगात लाल झगा, डोक्यावर मुकुट. उजव्या हातात सरळ वर धरलेली तलवार, डाव्या हातात तराजू. खाली लिहिलेलं, जस्टिस.

विमल किंचाळली, "ताई! तुमची केस!"

मी पुस्तकातून वाचून दाखवलं. सुलटा पडला तर न्याय, सत्य, केल्या कर्माचं योग्य फळ. उलटा पडला तर अन्याय, पक्षपात आणि कोर्टाच्या कामात दिरंगाई.

कुसुमने तेव्हा त्या दिवसातलं दुसरं वाक्य उच्चारलं.

"म्हणजे सुलटा पडला तर कोर्टात दिरंगाई होत नाही? मग हा पत्ता नाशकातला नाही!"

*

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी वकीलसाहेबांना पत्त्याबद्दल सांगितलं. साहेब साठीचे, गोल चेहऱ्याचे. पक्षकार रडायला लागला की पानाचा डबा पुढे करायचे. त्यांच्या टेबलावर न्यायदेवतेची पितळी मूर्ती होती, डोळ्यांवर पट्टी बांधलेली. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली.

म्हटलं, "साहेब, पण पत्त्यावरच्या बाईच्या डोळ्यांवर पट्टी नाही. सरळ समोर बघतेय."

"डोळे उघडे?"

"टक्क उघडे."

"मग ती न्यायदेवता नव्हे," साहेब पान लावत म्हणाले. "ती शेजारीण आहे!"

हसून झाल्यावर त्यांनी माझ्या केसचा कागद पुढे सरकवला. नवऱ्याच्या अर्जाला आमचं उत्तर द्यायचं होतं. मजकूर साहेब सांगणार, टाइप कोण करणार? ऑफिसात टायपिस्ट एकच.

अर्जात लिहिलं होतं, सामनेवाली दिवसभर एकटीच पुटपुटते. हवेत बोटं फिरवते. स्वयंपाक करता करता मांडीवर रेघोट्या ओढते. तिच्यापासून घरच्यांच्या जिवाला धोका आहे.

त्यातलं शेवटचं सोडलं तर सगळं खरं होतं! लग्नाआधी मी शॉर्टहँडचा क्लास केला होता. परीक्षा द्यायची राहिली होती. सासरी वही घेऊन बसले असते तर कुणाला आवडलं नसतं. म्हणून कुणी बोललं की मनातल्या मनात लिहून घ्यायची. सासूबाई भाजीवाल्याशी भांडल्या, घेतलं लिहून. नवरा मित्राशी बोलला, घेतलं लिहून. बोटं आपली आपण चालायची. त्या घरात माझ्याशी कुणी फारसं बोलत नसे, पण इतरांचं सगळं बोलणं माझ्या बोटांत जमा होत होतं.

एकदा नवऱ्याला सांगूनही पाहिलं होतं. तो म्हणाला, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी आपल्या आईला म्हणाला, "आता ती म्हणते, मी तुमचं सगळं लिहून घेते."

साहेब येरझाऱ्या घालत सांगत होते आणि मी टाइप करत होते. 'परिच्छेद चारमधील मजकूर खोटा व खोडसाळ असून सामनेवालीस मान्य व कबूल नाही. परिच्छेद पाचमधील मजकूर खोटा व खोडसाळ असून...' स्वतःलाच सामनेवाली, सामनेवाली म्हणत मी पानंच्या पानं भरली. साहेबांनी कागद उजेडात धरून वाचला.

"बाई, एकसुद्धा खाडाखोड नाही. कोर्टाने नुसता हा कागद बघितला तरी पुरे. वेड्या माणसाला एवढी स्वच्छ कार्बन कॉपी निघत नाही!"

मग कागद खाली ठेवत म्हणाले, "आणि शहाण्याला निघाली तरी हात थरथरायला हवा होता."

*

विमलला मात्र त्या पत्त्यावरची बाई पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटत होती.

"ही तर आपली वणीची देवी!"

सिस्टर म्हणाल्या, "वणीच्या देवीला अठरा हात असतात. हिला दोनच आहेत."

विमलने पत्ता जवळ घेऊन नीट पाहिला. बाईच्या मागे दोन दगडी खांब आणि त्यांच्यामध्ये जांभळा पडदा आहे.

"दोन दिसत्यात," ती म्हणाली. "बाकीचे पडद्यामागं हायेत!"

त्या पडद्याबद्दल मेरीच्या पुस्तकात बरंच काही लिहिलं होतं. पण विमलच्या उत्तराइतकं मला पटेल असं त्यात काही नव्हतं.

तेवढ्यावर ती थांबली असती तर ठीक. पुढच्या मंगळवारी तिने गुपचूप पत्ता काढला, खिडकीत भिंतीला टेकवून उभा केला आणि त्या बाईच्या कपाळाला चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. आणि नेमके त्याच संध्याकाळी पास्टर घरभेटीला आले!

पास्टर खुर्चीत बसले. प्रार्थना झाली. चहा आला. बशीत ओतता ओतता त्यांची नजर खिडकीकडे गेली.

"सिस्टर, हे काय आहे?"

सिस्टर आयुष्यात खोटं बोललेल्या नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "न्यायाचं चित्र आहे. या बाई कोर्टाच्या कामात असतात."

"मग याला कुंकू का?"

सिस्टर जराही न अडखळता म्हणाल्या, "कोर्टात सगळ्या धर्मांची माणसं येतात ना!"

पास्टर गेल्यावर त्यांनी ओल्या फडक्याने कुंकू पुसायचा प्रयत्न केला. गेलं नाही, उलट पसरलं. त्या विमलला खूप बोलल्या. "ते मेरीचे पत्ते आहेत. ती आली तर काय दाखवू तिला?"

"येणार हाय का ती?"

सिस्टरांनी फडकं पिळून वाळत घातलं. पत्ता रुमालात बांधून कपाटात ठेवला. त्या संध्याकाळी ओट्यावर आल्याच नाहीत.

*

त्याच पत्त्यावर, त्या बाईच्या लाल झग्याखालून पांढऱ्या बुटाचं टोक बाहेर आलेलं आहे. इतकं बारीक की आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं. ते सिस्टरांनी पाहिलं.

"ही बसलेली नाही," त्या म्हणाल्या. "ही उठायच्या तयारीत आहे. ड्यूटीवरची नर्स खुर्चीत अशीच बसते, एक पाय पुढे काढून."

सिस्टरांचेही बूट पांढरे होते. कॅनव्हासचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी दर शनिवारी त्या बुटांना पांढरा रंग लावून उन्हात ठेवायच्या. विमल एकदा म्हणाली, "सिस्टर, घालत तर नाय तुम्ही. रंगवता कशाला?"

"कुणी बोलवायला आलं तर?"

कोण येणार? गावात दवाखाने झाले होते, रिक्षा झाल्या होत्या.

आणि एका दुपारी खरंच आलं कुणीतरी! मागच्या गल्लीतल्या घरची सून अडली होती, रिक्षा मिळत नव्हती. दारात माणूस बोलतोय तोवर सिस्टर बूट घालून तयार. एवढ्या चपळ चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दिवेलागणीला परत आल्या. पदर घामाने भिजलेला, चेहरा उजळलेला. आम्ही तिघी ओट्यावर वाट बघत होतो.

"बाळ-बाळंतीण सुखरूप. मुलगी आहे."

"पेढे?" विमलने विचारलं.

"मुलगी झाली ना. पेढे कसले!" सिस्टर खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागल्या. "चहासुद्धा विचारला नाही. गडबडीत राहून गेलं असेल."

मग बूट हातात घेऊन निरखत म्हणाल्या, "पण तिच्या सासूने बूट बघितले हो माझे. म्हणाली, किती पांढरेशुभ्र!"

*

कुसुमला बघायला मनमाडहून एक गृहस्थ आले होते, तो किस्सा आमच्याकडे पुष्कळ वर्षं चालला.

गृहस्थ विधुर, बँकेत अधिकारी, सफारी घातलेले. कुसुमचे आईवडील नव्हते. भाऊ होता तो आपल्या संसारात. म्हणून कार्यक्रम सिस्टरांच्या ओट्यावर. विमलने पोहे केले, मी चहा. कुसुम निळी साडी नेसून समोर बसली. भाऊ तेवढा हजर राहिला होता, सारखं घड्याळ बघत.

गृहस्थ बोलायला मृदू. "नोकरी चालू ठेवायला माझी काही हरकत नाही. मला शांत स्वभाव आवडतो. मी स्वतः कधी आवाज चढवत नाही."

कुसुमने इतका वेळ खाली घातलेली मान वर केली.

"तुम्ही मुंबईला फोन लावता ना नेहमी? हेड ऑफिसला?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"मागच्या आठवड्यात लाइन मिळत नव्हती, तेव्हा मला म्हणालात, 'बहिरी आहेस का, भवाने?' आवाज ओळखला मी."

पोहे तसेच राहिले. भाऊ पाहुण्यांबरोबरच निघून गेला, तो पुन्हा बरेच दिवस आला नाही.

पाहुणे गेल्यावर सिस्टर हळहळल्या. "कुसुम, बोलली नसतीस तर काय बिघडलं असतं? माणूस आहे, चिडतो एखादे वेळी."

विमलने लगेच पत्ते आणले. न्याय झाला की अन्याय, पत्त्यालाच विचारू म्हणाली. कुसुमने तिच्या हातातून जोड घेतला आणि बाजूला ठेवला. तिच्या खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती होती, तेवढीच सजावट. पत्त्यांवर तिचा कधीच विश्वास नव्हता.

"पत्ते पिसून न्याय मिळत असता," ती म्हणाली, "तर आमच्या आजोबांनी गावाबाहेर बसून जन्मभर पत्तेच पिसले असते."

विमलने पत्ते गोळा करून रुमालात बांधले.

कपबशा मी आत नेणार, तर कुसुमने पाहुण्यांचा न प्यायलेला कप उचलला. चहा गार झाला होता, वर साय धरली होती. तिथेच भिंतीला टेकून, निळ्या साडीत, तिने तो शेवटपर्यंत प्यायला.

*

मेरीच्या पुस्तकात लिहिलं होतं की त्या बाईच्या तलवारीला दोन्ही बाजूंनी धार आहे. याचा अर्थ मी विमलला समजावून सांगत होते तेव्हा तिला तो पटला नाही. "दोन्ही बाजूंनी कशाला? ज्याने केलं त्याला कापायचं!"

अर्थ तिला कारखान्याने समजावला.

तिच्या लाइनचा फोरमन जवळून जाताना मुद्दाम घासून जायचा, काहीबाही बोलायचा. बाकीच्या बायका खाली बघून तार गुंडाळत राहायच्या. विमलने थेट कारखान्याच्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. नोकरी जाईल म्हणून आम्ही तिघी दिवसभर धास्तावलेल्या.

संध्याकाळी विमल बसमधून उतरली ती नाचतच. "साहेब म्हणले, न्याय करतो! त्याची शिफ्ट बदलली. फर्स्टमधून सेकंडला टाकला!"

सिस्टरांनी गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला.

सोमवारी विमल कामावर गेली आणि तासाभरात परत आली. ओट्यावर बसली. डबा मांडीवर.

"काय गं?"

"साहेब म्हणले, भांडण दोघांचं हाय. एकालाच शिक्षा केली तर पक्षपात व्हईल." ती शून्यात बघत म्हणाली. "माझी पण शिफ्ट बदलली."

"कुठली दिली?"

"सेकंड!"

आम्हाला आधी हसूच आलं. कुसुमलाही आलं. हसता हसता पाहिलं तर विमल डब्याचं झाकण काढून भाकरी खायला लागली होती आणि तिचे डोळे वाहत होते.

तिने नोकरी सोडली. वडिलांनी दिंडोरीकडचं स्थळ पाहिलं, उन्हाळ्यात लग्न ठरलं. खोली रिकामी करताना ट्रंक बांधून झाली, सिस्टरांच्या पाया पडली आणि घुटमळत उभी राहिली.

"सिस्टर, एक मागू? ती देवी द्या मला. तिकडं मला कुणीच ओळखीचं नाय."

सिस्टर कपाटाशी गेल्या. मेरीचा रुमाल सोडला. कुंकवाने माखलेला तो पत्ता शोधून काढला आणि विमलच्या हातावर ठेवला.

वकीलसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूप वेळ हसले. "म्हणजे बाई, न्यायाचा पत्ता आता दिंडोरी! मी इतकी वर्षं उगाच नाशिक कोर्टात शोधतोय."

*

साक्षीचा दिवस सांगितला नाही तर साहेब वरून रागावतील. ते हा किस्सा प्रत्येक नव्या ज्युनिअरला सांगायचे.

मी पिंजऱ्यात उभी. नवरा समोरच्या बाकावर, थोडा जाड झालेला, शर्टाची वरची गुंडी तुटलेली. ती कुणीतरी लावून द्यायला हवी, असं नको तेव्हा मनात आलं. त्याचे वकील तरुण, तडफदार.

"तुम्ही हवेत बोटं फिरवता, हे खरं आहे का?"

"खरं आहे."

कोर्टात कुजबुज झाली. आमच्या साहेबांनी डोळे मिटले.

"एकट्या असताना?"

"आणि चारचौघांतही."

"मिलॉर्ड, कृपया पाहावं! आत्ता या क्षणीसुद्धा यांची बोटं कठड्यावर चाललेली आहेत! बाई, काय चाललंय हे?"

"तुम्ही बोलताय ते लिहून घेतेय."

न्यायाधीशांच्या खाली त्यांचा स्टेनो बसला होता. इतका वेळ त्याने मान वर केली नव्हती. त्याने पेन्सिल थांबवून माझ्या बोटांकडे पाहिलं, थोडा वेळ बघत राहिला आणि मग न्यायाधीशांकडे वळून हळूच म्हणाला, "सर, बाईंचा स्पीड चांगला आहे!"

*

निकाल लागला तेव्हा ऐंशी साल उलटून गेलं होतं. घरात आम्ही दोघीच उरलो होतो. सिस्टरांना गुडघ्यांनी बसवलं, भाचीने येऊन त्यांना नगरला नेलं. कुसुमची ड्यूटी दुपारची, माझं ऑफिस सकाळपासून. एकमेकींची गाठ पडायची ती स्टोव्हपाशी झाकून ठेवलेल्या भाजीतून.

कोर्टाने नवऱ्याचा अर्ज फेटाळला. सामनेवाली वेडसर असल्याचा कोणताही पुरावा नाही.

साहेबांनी हात जोडले. "अभिनंदन, बाई! तुम्ही शहाण्या आहात असा कोर्टाचा निकाल आहे. एवढ्या मोठ्या नाशकात आणखी कुणाकडे आहे का असा कागद? माझ्याकडेही नाही!"

मी हसले. "साहेब, म्हणजे आता मी..."

"तुम्ही त्यांची कायदेशीर पत्नी. होतात तशाच."

बाहेर कोर्टाच्या पायऱ्यांवर नवरा एकटाच उभा होता. त्याचे वकील निघून गेले होते. मला पाहून त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं, काहीतरी बोलेल. इतकी वर्षं मनात जुळवून ठेवलेली उत्तरं माझ्याकडे तयार होती.

तो म्हणाला, "सिन्नरची गाडी आता किती वाजता आहे?"

"पाचला. सीबीएस स्टँडवरून."

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

मी ऑफिसात परत आले. साहेब घरी गेले होते, किल्ली माझ्याकडे होती. टाइपरायटरवरचं कव्हर काढलं, परत घातलं. आई गेलेली. भावाने सांगून ठेवलं होतं की निकाल काही लागो, आमच्या घरी बोलणं नको. कुणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं आणि कुणाला ते सुचत नव्हतं.

मी साहेबांच्या टेबलावरचा फोन उचलला आणि ट्रंक बुकिंगला लावला.

"ट्रंक बुकिंग." कुसुमचा आवाज. ड्यूटीवरचा, इस्त्री केलेला.

"कुसुम, मी शालन."

मागे दहा जणी एकदम बोलत होत्या. हॅलो मालेगाव, हॅलो येवला. सुपरवायझर पाठीशी फेऱ्या घालत असणार. ती त्याच आवाजात म्हणाली, "कुठला नंबर हवाय?"

"नंबर नाही गं."

"ऑर्डिनरी कॉल की पीपी?"

पीपी म्हणजे ठरावीक माणूस फोनवर आला तरच जोडायचा कॉल. मी म्हटलं, "पीपी."

"पार्टीचं नाव सांगा."

"कुसुम."

पलीकडे प्लगचा खटका ऐकू आला. मग ती म्हणाली, "पार्टी लाइनवर आहे. बोला."

"निकाल लागला. मी जिंकले," मी म्हटलं.

आणि त्यापुढे मला एक शब्द सुचेना. तिचा श्वास ऐकू येत होता. मागून कुणीतरी ओरडत होतं, हॅलो, हॅलो, आवाज येतोय का? रिसीव्हर कानाला लावून मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले. रस्त्यावर दिवे लागत होते.

त्या काळी बाहेरगावच्या फोनवर तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये येऊन विचारायची.

कुसुम म्हणाली, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

"वाढव," मी म्हटलं.